फावल्या वेळीं : मेजावरचा कालवा

गेल्या खेपेस या सदरांत जुन्या पुस्तकांच्या बांधणीविषयीं लिहितांना, पुढच्या खेपेस मुलांच्या आवडीचा एखादा उद्योग सांगेन, असें वचन मी देऊन बसलों होतों. तें वचन इतक्या फजितीनें पुरें करावें लागेल, अशी मात्र कल्पना नव्हती. मे महिन्याच्या आरंभीं आमचा नातू सुटीकरितां पुण्याहून पनवेलीस आला, तो एक भलें मोठें चपटें खोकें काखोटीस मारूनच. खोक्यांत एक इंजिन, तीन डबे, रुळांचे कांहीं सरळ व कांहीं बांकदार तुकडे आणि विजेची एक डबी. "आजोबा, या सुटीत आपण माडीवर रेल्वे करायची," असें त्यानें चपला काढण्यापूर्वींच जाहीर केलें. गाडी दोन दिवस गोल गोल फिरेल, मुलगा कंटाळेल, आणि तिसऱ्या दिवशीं आपलें वाचन पूर्ववत् सुरू होईल, असा माझा हिशेब होता. आज दिवाळी तोंडावर आली आहे, नातू केव्हांच पुण्यास परत गेला, आणि माडीवरची ती रेल्वे मला अद्यापि सोडीत नाहीं.

या वेडाचें मूळ पुण्यास कोथरूडमध्यें आहे. भाऊसाहेब जोशी यांनीं वर्षानुवर्षें जोपासलेल्या छंदांतून उभें राहिलेलें लघुरेल्वेचें संग्रहालय तेथें १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. ज्यांनीं तें पाहिलें नसेल त्यांनीं मुलांस घेऊन एकदां अवश्य जावें. एका दालनांत सबंध गांव मांडलेलें असून त्यांत गाड्या धांवतात, सिग्नल पडतात व उठतात, आणि दालनांतले दिवे मालवून रात्र केली म्हणजे त्या चिमुकल्या घरांच्या खिडक्यांत उजेड दिसूं लागतो. नातवानें तें तीन वेळां पाहिलें होतें. तिसऱ्या वेळीं तो गाड्यांकडे न पाहतां मेजाखालीं वांकून तारा पाहत होता, असें त्याची आई सांगते. म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलें होतें.

आतां मापाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण या छंदांत सारा खेळ प्रमाणाचा आहे. जगांत सर्वांत अधिक चालणारें प्रमाण म्हणजे एचओ. त्यांत खऱ्या वस्तूचें माप सत्याऐंशींनीं भागावयाचें. पाश्चात्य देशांतील बहुतेक रूळ एकमेकांपासून १४३५ मिलिमीटरांवर असतात. त्यांस ८७ नें भागिलें कीं साडेसोळा मिलिमीटर येतात, व बाजारांत मिळणारे रूळ त्याच मापाचे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरांची. तिला एकोणीस मिलिमीटरांहून किंचित् अधिक अंतर हवें. तसे रूळ सहसा मिळत नाहींत, म्हणून आपल्याकडील हौशी मंडळी साडेसोळांवरच समाधान मानितात, आणि पाहणाराच्या तें लक्षांतहि येत नाहीं. लांबी मात्र अशी दडपतां येत नाहीं. एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर. पनवेलपासून कर्जत सुमारें २८ किलोमीटर आहे. तेवढा मार्ग प्रमाणांत करूं गेल्यास सव्वातीनशें मीटर लांब मेज लागेल, म्हणजे आमच्या माडींतून निघून आळी ओलांडून पार पलीकडच्या आळींतल्या माजघरांत शिरावें लागेल. वळणाची तीच कथा. ब्रॉडगेजच्या वळणाची त्रिज्या १७५ मीटरांहून कमी ठेवीत नाहींत. मेजावर तिचे दोन मीटर होतात, आणि गाडी पुरती वळवून आणावयाची तर चार मीटर रुंदीची खोली हवी. खोक्यांतल्या तुकड्यांची त्रिज्या हातभर! तेव्हां लबाडी ही करावीच लागते. अंतर आंखडावें, वळण आवळावें, स्टेशन अर्धें करावें, आणि हें सर्व झाडांआड दडवावें. कोणती लबाडी पचते व कोणती पचत नाहीं, हें मला पुढें कळलें.

सुताराकडून आठ फूट लांब व चार फूट रुंद प्लायवुडची अखंड फळी आणविली, तिला खालून पट्ट्यांचा सांगाडा ठोकून घेतला व ती दोन घोड्यांवर ठेविली. देखावा कोणता करावा यावर तीन दिवस वाद झाला. नातवास कोंकण रेल्वे हवी होती, आणि तींतहि रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवरचा तो उंच पूल. (नांवाच्या साधर्म्यामुळें तो पूल आमच्या पनवेलीस आहे असें समजणारे पाहुणे आम्हांस दर वर्षीं भेटतात.) त्याचा सर्वांत उंच खांब ६४ मीटरांचा, मेजावर तो जवळजवळ पाऊण मीटर व्हावयाचा, म्हणजे गाडी माझ्या हनुवटीशीं आली असती. मीं पनवेलचें जुनें बंदर सुचविलें. पनवेलीस आगगाडी आली ती १९६४ सालीं. परंतु त्याच्या पुष्कळ आधीं, १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता झाला तेव्हांपासून, मुंबईहून पुण्यास जाणारा माणूस खाडीनें होडींतून पनवेलीस उतरे व येथून पुढें घाट चढे. तो धक्का, तीं गलबतें, त्या बैलगाड्या मेजावर किती शोभतील! नातू शांतपणें म्हणाला, "पण आजोबा, मग त्यात आगगाडी कुठंय?" प्रश्न रास्त होता.

निकाल अखेर सौ.नें दिला. "तुम्ही आमची नीरा करा," ती म्हणाली.

सौ.चें माहेर लोणंदच्या बाजूचें. पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी नीरा व लोणंद यांच्या आसपास थोड्या अंतरांत तीन पाणी ओलांडते : प्रथम नीरेचा डावा कालवा, मग खुद्द नदी, आणि मग उजवा कालवा. लहानपणीं आजोळाहून परततांना हीं भावंडें खिडकीशीं बसून तीं पाणी मोजीत, आणि तिसरें पाणी आलें कीं पिशव्या आवरावयास लागत. मीं या मार्गानें किती वेळां प्रवास केला असेल, परंतु तिसऱ्या पाण्याची ही मौज मला लग्नानंतर चाळीस वर्षांनीं कळली. अधिक पाहतां आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. १८७६-७७ च्या दुष्काळानें दख्खनची दैना उडविल्यावर पाटबंधाऱ्यांकडे सरकारचें जें लक्ष गेलें, त्या काळांतला हा डावा कालवा. वीरच्या बंधाऱ्यापासून निघून तो १८८५ च्या सुमारास वाहूं लागला. आगगाडी तेथें आली ती त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, प्रथम मीटरगेज म्हणून. उजवा कालवा विसाव्या शतकांतला. म्हणजे डाव्या कालव्याच्या दारीं रेल्वे पाहुणी आली, तर रेल्वेच्या दारीं उजवा कालवा पाहुणा आला! मेजाच्या आठ फुटांत तिन्ही पाणी मावणें शक्य नव्हतें. डावा कालवा व नदी घ्यावी, आणि उजवा कालवा भिंतीपलीकडे आहे असें समजावें, असें ठरलें. सौ.नें या काटछांटीस नाइलाजानें संमति दिली.

नातवाजवळ विलायती नमुन्यांचीं चित्रें होतीं. त्यांत कालवा म्हणजे रंगीबेरंगी निमुळत्या नावा, पाण्याचे चढउतार करणारे दरवाजे, कांठीं फुलझाडें. तसल्या नावा तो करूं लागला तेव्हां सौ. हंसूं लागली. इंग्लंडांतले ते कालवे मालवाहतुकीसाठीं खोदलेले; तेथें पावसानेंच शेतें भिजतात, पाण्याची गरज होती ती कोळसा वाहून नेणाऱ्या नावांना. आपला कालवा शेतासाठीं. नीरेच्या कालव्यांत नाव कोणीं पाहिली आहे? तेथें म्हशी डुंबतात, बायका धुणीं धुतात, कांठच्या रस्त्यानें पाटकरी सायकल हांकीत जातो, आणि पाळी संपली कीं चार दोन आठवडे नुसता चिखल व त्यांतले मासे धरणारीं पोरें. नावांच्या जागीं म्हशी आल्या. त्या मातीच्या केल्या, शिंगें टांचण्यांचीं.

रेल्वे व कालवा यांचें नातें आपल्या देशांत वाटतें त्याहून जुनें आहे, हेंहि मीं नातवास या निमित्तानें सांगितलें. १८५३ सालच्या १६ एप्रिल रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली उतारूंची गाडी गेली हें पोरासोरांसहि पाठ असतें. परंतु त्याच्याहि आधीं, १८५१ च्या अखेरीस, उत्तरेंत रुडकी येथें 'थॉमसन' नांवाचें वाफेचें इंजिन रुळांवर चालत होतें, आणि तें ओढीत होतें माती. प्रोबी कॉटली याच्या देखरेखीखालीं गंगेचा कालवा खोदला जात होता व वाटेंत सोलानी नदीचें रुंद खोरें आडवें आलें होतें. "कालव्याला खालीं उतरून पुन्हां वर चढतां येत नाहीं, बाळ," मी म्हणालों, "म्हणून त्यांनीं नदीवर कमानी उभारून अख्खा कालवा उचलून पलीकडे नेला. त्या भरावाची माती वाहण्याकरितां इंजिन आलें." १८५४ सालीं त्या कालव्यांत पाणी सोडलें. हें सर्व मीं मोठ्या ऐटींत सांगितलें. कालव्याला चढतां येत नाहीं हें वाक्य माझ्या स्वतःच्या तोंडचें आहे, हें वाचकांनीं कृपा करून ध्यानांत ठेवावें.

काम सुरू झालें. फळीवर दोन इंच जाडीचा थर्माकोल सरसानें डकविला. त्यावर रूळ मांडले. नदीसाठीं थर्माकोल खालपर्यंत कापून काढला; कालव्यासाठीं सुरीनें इंचभर खोल चर पाडला. उजव्या हातास देखावा सपाट दिसूं लागला म्हणून तेथें आणखी एक थर चढवून टेकडी केली, टेकडीवर देऊळ बसविलें, आणि कालवा त्या टेकडीच्या अंगावरून ऐटीनें पलीकडे नेला. चर सर्वत्र बरोबर इंचभर खोल आहे कीं नाहीं, हें मीं पट्टी लावून जातीनें तपासलें होतें. रंग दिला. कालव्याच्या दोहों कांठांस ऊस म्हणून नारळी काथ्याचे हिरवे तुरे लाविले. पंधरा दिवस गेले. आळींतले लोक पाहून जात, वाहवा करीत. मीं मनांत म्हटलें, मास्तरकी सोडून हेंच करावयास हवें होतें.

जूनच्या पहिल्या आठवड्यांत गच्चीची गळती काढण्यासाठीं गवंडी आला. हा माझा जुना विद्यार्थी. कर्जत तालुक्यांतला, येथें मामाकडे राहून शिकत असे व नववीनंतर त्याची शाळा सुटली. आतां हाताखालीं पांच-सहा माणसें आहेत. काम आटोपून चहासाठीं तो माडीवर आला, पेला हातांत घेऊन मेजाभोंवतीं एक फेरी मारली, आणि कालव्यापाशीं थांबला. बराच वेळ थांबला. मग भीत भीत म्हणाला, "गुरुजी, राग मानू नका. पण हे पाणी चढतंय."

"चढतंय म्हणजे?"

तो खालीं जाऊन आपली नळी घेऊन आला. नळी म्हणजे दुसरें कांहीं नव्हे, पारदर्शक प्लास्टिकची दहा-बारा हात लांब साधी नळी, आंत पाणी भरलेलें. गवंडी लोक तिच्या दोन टोंकांतलें पाणी पाहून खोलीच्या या कोपऱ्याची पातळी त्या कोपऱ्यास नेतात. पाणसळ हातभर अंतरापुरती खरी. लांबच्या मापाला ही नळी. एक टोंक त्यानें कालव्याच्या मुखाशीं नातवाच्या हातीं दिलें, दुसरें स्वतः टेकडीपाशीं धरलें. कालव्याचें शेपूट मुखापेक्षां दोन बोटें उंच होतें! मीं खोली मोजली होती ती जमिनीपासून. जमीन चढत गेली, तिच्याबरोबर माझा इंचभर खोल कालवाहि चढत गेला. वळण आवळलेलें कोणास दिसलें नव्हतें, रूळ अरुंद असलेले कोणास दिसले नव्हते; पण ही लबाडी त्या मनुष्याच्या डोळ्यांस पेलाभर चहा संपण्याच्या आंत दिसली.

आणि वाचकहो, मी शाळेंत संस्कृत शिकवीत असें. नदीचें एक नांव 'निम्नगा' असें आहे. जी निम्न दिशेस, म्हणजे खालीं, जाते ती. हा विग्रह मीं किती वर्गांकडून घोकून घेतला असेल त्याची गणती नाहीं. अमरसिंहानें 'कुल्या' म्हणजे मनुष्यानें केलेली लहानशी नदीच, असें सांगून ठेविलें आहे. म्हणजे तीहि निम्नगाच. शब्द माझ्या जिभेवर होता. तो हातांत मात्र कधीं उतरला नव्हता.

दुसरी चूक त्याच्याहून मोठी निघाली. गवंड्यानें काथ्याच्या उंसावर बोट ठेविलें. "खालच्या अंगाचा ऊस बरोबर आहे. पण हा वरच्या अंगाचा ऊस कोण भिजवतं, गुरुजी?" कालवा उताराच्या कडेनें जातो; त्याच्या व नदीच्या मधली जमीन भिजते, वरची कोरडीच राहते. म्हणून पावसाळा सोडून कधींहि आगगाडींतून पाहा, कालवा म्हणजे डोंगराला मारलेली एक रेघ असते. रेघेच्या खालीं हिरवें, वर पिवळें. सौ.नें हें शेंकडों वेळां पाहिलें होतें. पण बोलली नाहीं. विचारलें तर म्हणाली, "तुम्ही इतक्या तन्मयतेनं लावीत होता."

मग तो जें बोलला तें लिहावें कीं नाहीं याचा मीं पुष्कळ विचार केला. तो म्हणाला, "मी शाळेत हेच विचारलं होतं तुम्हांला. तुमच्या लक्षात नसेल." भूगोलाचे शिक्षक रजेवर असले म्हणजे तो तास माझ्याकडे येई. पुस्तकांत कालवे समोच्च रेषेस धरून जातात असें एक वाक्य होतें. त्यावर या मुलानें उभें राहून विचारलें होतें कीं, आमच्याकडचा राजनाला सरळ न जातां टेकडीला एवढा मोठा वळसा कां घालतो. भिवपुरीच्या वीजगृहांत वीज करून झाल्यावर जें पाणी सोडतात, तें या राजनाल्यानें कर्जत तालुक्यांतल्या शेतांस मिळतें व त्यावर उन्हाळी भात निघतो. मीं उत्तर दिलें होतें : "परीक्षेला येणार नाही. खाली बस."

मला हें आठवत नव्हतें. आठवतें असें मीं मान हालवून दाखविलें, हीहि एक लबाडीच. त्यानें मात्र कसलाहि राग न दाखवितां पुढें सांगितलें. त्याच्या वडिलांचें शेत नाल्याच्या वरच्या अंगास होतें, पुरुषभर उंचीवर. चैत्र-वैशाखांत खालीं पाणी भरून वाहतांना दिसे, खालच्या भावकीचें भात हिरवेंगार. यांच्या शेतांत भेगा. नाला जर वळसा न घालतां थोडा वरून गेला असता, तर आपलें शेत भिजलें असतें काय, एवढेंच त्या मुलाला जाणून घ्यावयाचें होतें. त्याकरितां तो प्रश्न होता. "शाळा सुटली ती त्यामुळे नव्हे हां," तो घाईनें म्हणाला, "ती घरच्या अडचणीनं सुटली."

नातू दोघांकडे पाहत होता. "आजोबा, तुम्हांला उत्तर येत नव्हतं का?" त्यानें विचारलें. येत नव्हतें. वाक्य येत होतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं टेकडी उपटली. गवंडी दोन तास आधीं आला, व या वेळीं काम त्याच्या सांगण्याप्रमाणें झालें. प्रथम नळीच्या साह्यानें मेजाच्या चारी कडांवर एकच पातळी पेन्सिलीनें आंखिली. तिच्यावरून दोरा धरून जेथें जेथें ती पातळी टेकडीच्या अंगास लागे तेथें तेथें खुणा केल्या, आणि खुणा जोडल्या. ती वांकडीतिकडी रेघ म्हणजेच समोच्च रेषा! तीस-बत्तीस वर्षें फळ्यावर जी काढीत आलों तिला मी त्या दिवशीं प्रथम हात लाविला. खऱ्या कालव्यास उतार असतो, परंतु तो हजारों फुटांत एखाददुसरा फूट. आठ फुटांच्या मेजावर प्रमाणांत तो केसाएवढाहि व्हावयाचा नाहीं. आम्हीं शेवटाकडे दोन मिलिमीटरांचा दिला, कारण गवंड्यास पाणी वाहतांना पाहावयाचें होतें. टेकडीपाशीं दोनच मार्ग उरले, टेकडी फोडावी किंवा वळसा घ्यावा. नातवानें क्षणभर त्या मनुष्याकडे पाहिलें आणि म्हणाला, "वळसा."

रुळांचाहि एक पेंच होता, तो ज्यांना हा उद्योग करावयाचा असेल त्यांच्यासाठीं सांगतों. कालव्यावरून रेल्वे न्यावयाची म्हणून रूळ चढवूं नयेत. तीन इंच चढावयास चाळीसास एक या चढानें दहा फूट मार्ग लागतो, आणि मेजच आठ फुटांचें. बोरघाटांतला सदतिसास एक हा चढ आपल्या रेल्वेवरच्या अत्यंत खड्या चढांपैकीं, व तेथें गाडीला मागून जादा इंजिनें लावितात. तेव्हां रूळ सपाट ठेवावे व पाणीच खालीं न्यावें. त्याकरितां कालव्यापुरती प्लायवुडची फळी कापून काढून तिचा तुकडा खालीं टेकूंवर बसवावा. हें आधीं कळलें असतें तर अखंड फळी घेतलीच नसती, नुसत्या सांगाड्यावर काम केलें असतें. सर्वांत खालीं नदी, तिच्यावर शेतें, त्यांच्यावर कालवा, त्याच्यावर रूळ आणि मागें माळ. हा क्रम पाण्यानें ठरविला. स्टेशन, देऊळ, घरें पुढें त्यांत आपोआप बसलीं.

खोबणीस आंतून दोन हात रोगण देऊन तें वाळलें, आणि नातू पुण्यास जाण्याच्या आदल्या दिवशीं परीक्षा झाली. गवंड्यानें तांब्यांतून पाणी मुखाशीं सोडलें. नातू मेजाच्या दुसऱ्या टोंकाशीं तपेली धरून उभा. पाणी पुलाखालीं गेलें, वळशापाशीं थोडें थबकलें, मग टेकडीमागें दिसेनासें झालें. कोणी बोलेना. पुष्कळ वेळानें तपेलींत टप् असा आवाज झाला.

कायमचें पाणी मात्र खरें ठेवूं नये. पाण्याचा थेंब सत्याऐंशींनीं भागतां येत नाहीं. खरें पाणी मेजावर पाण्यासारखें न दिसतां सांडल्यासारखें दिसतें, शिवाय लांकूड फुगतें. तळाला मध्यें गडद व कडांना मातकट रंग द्यावा आणि त्यावर एपॉक्सी नांवाचा दोन द्रव मिसळून घट्ट होणारा राळेसारखा पदार्थ पातळ थरांनीं ओतावा. एकदम जाड ओतल्यास तो तापतो व बुडबुडे धरतो. मीं हें काम आषाढांत काढलें, हा शुद्ध मूर्खपणा. पनवेलचा पावसाळा वाचकांस ठाऊक आहे; हवेंतल्या ओलाव्यानें पृष्ठभागावर पांढुरकी, चिकट सायच धरली. ती कोंबट पाण्याच्या फडक्यानें पुसून, बारीक पॉलिशकागदानें घांसून, वर रोगणाचा हात द्यावा लागला. तें ओलें असतांनाच कुंचल्यानें हलकेच टिपलें, तेव्हां लहानशा लाटा उठल्या त्या मात्र छान साधल्या. रुळांवरहि पावसाळ्यांत गंजासारखा मळ धरतो व इंजिन मध्येंच थबकतें. आठवड्यास एकदां स्पिरिटनें पुसावे. वीज अवघी बारा व्होल्टांची, मुलांस भय नाहीं.

वरच्या अंगाचा ऊस उपटला तेथें मीं भेगाळलेलें शेत केलें. मातीचा पातळ चिखल थापून उन्हांत ठेविला, भेगा आपोआप पडल्या. गवंड्यास तें दाखविलें तेव्हां तो म्हणाला, "आता भावानं पंप बसवलाय, गुरुजी. वरतीसुद्धा भात होतो. एक पंप करा." गोष्ट खरी आहे, आतां नळ्यांनीं वर पाणी उपसलेलें कोठेंहि दिसतें, व रेघेच्या वर पिवळें हा नियम पूर्वींसारखा राहिलेला नाहीं. बॉलपेनाच्या कांडीचा पंप केला, तारेची नळी केली. शेत अर्धें हिरवें केलें. अर्धें तसेंच ठेविलें. तें उपटावयास मन घेईना.

गणपतींत आरास म्हणून रेल्वे खालीं आणावी असा आग्रह झाला, पण एवढें धूड जिन्यांतून उतरेना, म्हणून लोकच दर्शन घेऊन माडीवर येत. गवंडी आपल्या मुलीस घेऊन आला. ती आठवींत आहे. मालगाडी नेहमीप्रमाणें वळशाच्या पुलावर घसरली (तें वळण फारच आवळलें आहे, पुढें दुरुस्त करावयाचें आहे), मुलें हंसलीं, ती मात्र हंसली नाहीं. ती मेजाच्या उजव्या कडेला, कालवा जेथें फळीबरोबर तुटतो तेथें उभी होती. "आजोबा," तिनें विचारलें, "हे पाणी पुढे कुठं जातं? शेवटच्या शेताला पुरतं का?"

खालून आरतीची हांक आली होती. मीं तिला स्टूल दिलें, जुना नकाशा उघडला, आणि वीरपासून बारामतीवरून इंदापूर तालुक्यापर्यंत तो कालवा बोटानें दाखवूं लागलों. मुखाकडच्यांनीं अधिक घेतलें कीं शेवटच्यांची पाळी कशी लांबते, तेथवर आलों तेव्हां सौ.ची दुसरी हांक आली.